ब्रेकची उपमा आणि जठराचा कर्करोग

कर्करोग म्हणजे ब्रेक गेलेली गाडी, ही उपमा वर्गात हमखास येते. सिद्धार्थ मुखर्जी यांच्या 'द एम्परर ऑफ ऑल मॅलडीज' (२०१०) या उत्तम पुस्तकातही ती आहे. विभाजनाला चेतवणारे बिघडलेले जनुक म्हणजे अडकलेला अ‍ॅक्सिलरेटर आणि निकामी अर्बुदरोधक जनुक म्हणजे गेलेला ब्रेक. आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ साली डोळ्याच्या कर्करोगावरून मांडलेल्या 'दोन आघातां'च्या कल्पनेला ती छान बसते : जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या, ब्रेक गेला. जठराच्या कर्करोगापाशी मात्र ती अडखळते.

जठरातील २९५ अर्बुदांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे निम्म्या अर्बुदांत गुणसूत्रांची मोडतोड झालेली होती आणि अशांपैकी ७१ टक्क्यांत पी-५३ या जनुकात उत्परिवर्तन होते. डीएनए दुखावल्याची वर्दी मिळताच पी-५३चे प्रथिन पेशीचे विभाजन थांबवते, दुरुस्तीला वेळ देते आणि दुरुस्ती अशक्य असेल तर पेशीला मरायला लावते. आषाढी एकादशीला पिंप्राळ्याच्या रथाच्या चाकाखाली मोगरी घालतात ना? मोगरी हा ब्रेक. पी-५३ म्हणजे रस्ता पाहून ती घालणारा गडी! शिवाय या प्रथिनाचे चार रेणू मिळून काम करतात. त्यांत सदोष रेणू शिरला की जनुकाची दुसरी प्रत धड असूनही काम बिघडते.

दुसरे जनुक सीडीएच-१. त्याचे ई-कॅडहेरिन हे प्रथिन शेजारच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवते. हा मुळी ब्रेकपेक्षा विटांमधला चुनाच अधिक. तो गेला की पेशी सुट्या होऊन जठराच्या भिंतीत पसरतात. पॅरी गिलफर्ड व सहकाऱ्यांनी १९९८ साली न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात या जनुकाचा पिढीजात दोष दाखवला. अशा रुग्णांत दुसरी प्रत पुष्कळदा न बिघडता, केवळ मिथाइल गट चिकटल्याने गप्प होते.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. उपमा ऐकून विद्यार्थ्याला वाटते, गाडी कारखान्यातूनच सदोष आली. मग सोयरीक जुळवताना 'त्यांच्या घरात कॅन्सर आहे' अशी कुजबुज होते. वास्तविक जठराच्या कर्करोगांपैकी १ ते ३ टक्केच आनुवंशिक लक्षणसमूहांत मोडतात. बहुतेकांतली उत्परिवर्तने जठराच्या पेशींतच, हयातीत साचलेली असतात : हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे वर्षानुवर्षे चालणारा दाह, तंबाखू, खारवलेले अन्न. ती मुलाबाळांकडे जात नाहीत. मुखर्जींच्या पुस्तकात हा फरक डोळ्याच्या कर्करोगाच्या निमित्ताने आला आहे, पण वर्गात पोचते ती नुसती उपमा. फळ्यावर ब्रेक काढायचाच असेल, तर शेजारी एक जठराची पेशी आणि एक बीजपेशी काढावी आणि मुलांना विचारावे, बिघाड यांपैकी कुठे आहे?