मुखवट्यामागील माणूस

छायाचित्र म्हणजे वस्तूचें यथातथ्य प्रतिबिंब, ही समजूत सोयीची असली तरी खरी नाहीं. यंत्र कोणाच्या हातीं आहे आणि त्यापुढें कोणास बसविलें आहे, हें कळल्यावांचून छायाचित्राचा अर्थ पुरता लागत नाहीं. आपल्याकडील या कलेचा आरंभच याची साक्ष देतो. १८६८ ते १८७५ या काळांत वॉटसन व के यांनीं ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्यांत माणसें आहेत, पण तीं जातिजमातींचे नमुने म्हणून. बसणाऱ्याचा चेहरा हा जणुं सरकारदरबारीं भरावयाचा सारा होता.

गौरी गिल यांची ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपीअरन्स’ ही २०१५ मध्यें सुरू झालेली चित्रमालिका पाहतांना हा पूर्वेतिहास आठवल्यावांचून राहत नाहीं. पालघर जिल्ह्यांतील जव्हारच्या परिसरांत बोहाड्यासाठीं देवदेवतांचे मुखवटे कागदाच्या लगद्यापासून घडविण्याची परंपरा आहे. कोकणा व वारली समाजांतील या कलावंतांना, त्यांतहि सुभाष व भगवान धर्मा कडू या बंधूंना, गिल यांनीं विनंति केली कीं, देवांऐवजीं आपल्या रोजच्या जगण्यांतील मुखवटे करावे. मग पशुपक्ष्यांचे, माणसांचे, नित्याच्या वस्तूंचेहि मुखवटे तयार झाले आणि गांवकऱ्यांनीं ते चढवून नेहमींचेच घरगुती प्रसंग वठविले.

परिणाम विलक्षण आहे. चेहरा झांकला गेल्यामुळें आपली दृष्टि खांद्याच्या उतारावर, हातांच्या ठेवणीवर, उभें राहण्याच्या तऱ्हेवर स्थिरावते. दारिद्र्य शोधावयास आलेल्या प्रेक्षकाला येथें करुणेचा आयता विषय मिळत नाहीं. बोहाड्यांत सोंग घेणारा जसा आपल्या अधिकारानें उभा राहतो, तसाच हा माणूस कॅमेऱ्यापुढें उभा आहे. काय दाखवावें व काय राखून ठेवावें, हें त्याचें त्यानेंच ठरविलें आहे असें वाटतें.

यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, २०१७ सालीं अथेन्स व कासेल येथील ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनांत हीं चित्रें पाहणाऱ्या परक्या प्रेक्षकाला बोहाडा ठाऊक नसतो; त्याला दिसतो तो केवळ नवलाचा प्रकार. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. पण मुखवटा पूजेचा नसून आजच्या व्यवहारांतला आहे, ही गोष्ट त्या नवलाला पुष्कळ आवर घालते. आमची खरी हरकत निराळी आहे. मुखवटे घडविले कडू बंधूंनीं व त्यांच्या साथीदारांनीं, सोंगें वठविलीं गांवानें. मालिका मात्र गिल यांच्याच नांवें ओळखली जाते.

या दृष्टीनें गिल यांनीं डहाणू तालुक्यांतील गंजाडचे वारली चित्रकार राजेश वांगड यांच्यासह २०१३ पासून केलेली ‘फील्ड्स ऑफ साइट’ ही मालिका आम्हांस अधिक सरस वाटते. वांगड यांनीं आपल्या भूमीविषयीं सांगितलेल्या कथा छायाचित्रांत उतरल्या नाहींत, हें गिल यांना जाणवलें. तेव्हां त्याच छायाचित्रांवर वांगड यांनीं शाईनें आपल्या आकृति रेखिल्या. यंत्रानें आपली मर्यादा कबूल केली आणि दुसऱ्या हाताला जागा दिली. एकाचें काम पुसलें तर दुसऱ्याचें अपुरें राहील, इतकी ही जोड घट्ट आहे.

पुढची पायरी तरुण पिढी चढत आहे. मदुराईस मासळी विकणाऱ्या मातेचे पुत्र एम. पळनी कुमार यांनीं तामिळनाडूंतील सफाई कामगारांचीं चित्रें घेतलीं आणि त्यांच्या मुलांच्या हातींहि कॅमेरा दिला. येथें यंत्रच हस्तांतरित झालें. मात्र जन्मानें आलेली जवळीक ही कलेची हमी नव्हे. या मुलांच्या चित्रांनाहि प्रकाश, रचना व संयम यांच्या त्याच कसोट्या लावाव्या लागतील. कौतुकानें पाठ थोपटून त्यांना सोडून देणें म्हणजे त्यांना पुन्हां नमुन्यांच्या संग्रहांत बसविणें होय.