तेरा नियम, दहा फूट

दिवाळीच्या सुट्टीत कुंभारीला गेले होते. आमचं घर गोदूताई परुळेकर विडी घरकुलात. दुपारी आई दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती आणि समोरच्या बोळात माझा भाचा त्याच्या आठ-दहा दोस्तांसोबत बास्केटबॉल खेळत होता. बास्केट म्हणजे तळ कापलेली प्लास्टिकची बादली, पाण्याच्या पाइपाला सुतळीने बांधलेली. बॉल फुटबॉलचा. मोबाइलवर एनबीएच्या क्लिपा बघून पोरांना खेळ कळला होता, नियम कळले नव्हते. बॉल हातात आला की छातीशी धरून पळायचं आणि बाकीच्यांनी अंगावर पडायचं. दहा मिनिटांत एकाचं ढोपर फुटलं, दुसऱ्याच्या शर्टाची बाही गेली. मग सगळे माझ्याकडे. "आत्या, तू कॉलेजात खेळायचीस ना? नियम सांग."

मी एकच सांगितला : बॉल घेऊन पळायचं नाही. मारामारी बरीचशी थांबली.

त्या रात्री बास्केटबॉलचे मूळ तेरा नियम पहिल्यांदाच नीट वाचले. जेमतेम दीड-दोन पानांचा मजकूर. माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे असा मजकूर मी स्पेसिफिकेशनसारखा वाचते : काय लिहिलंय, काय सुटलंय, आणि कुठली ओळ कुठला घोळ झाल्यावर घातली असेल.

आधी थोडा इतिहास. डिसेंबर १८९१, अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स राज्य, स्प्रिंगफील्ड गाव. तिथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ नावाचा तिशीतला कॅनेडियन शिक्षक होता. बाहेर कडाक्याची थंडी, आत कवायतीला कंटाळलेली अठरा तरुण पोरं. बंद हॉलमध्ये खेळता येईल असा खेळ शोधण्याचं काम त्याच्यावर आलं. शिपायाकडे खोकी मागितली, त्याने पीचच्या टोपल्या आणून दिल्या. फुटबॉल घेतला, नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले, नियम टाइप करून फळ्यावर लावले. पहिला सामना १-० असा संपला.

नेस्मिथने पुढे पुस्तकात या नियमांमागचा विचार मांडला, तो वाचताना एखादं गणित सुटताना बघितल्यासारखं वाटतं. फुटबॉल आणि रग्बीत माणसं एकमेकांना पाडतात का? कारण बॉल घेऊन पळता येतं. म्हणजे पळणंच बंद करा, पाडायचं कारण संपलं. बॉल जोरात का मारतात? कारण गोल समोर उभा असतो. तो डोक्याच्या वर आडवा ठेवा, मग बॉल अलगद वर फेकावा लागेल. ही दुसरी कल्पना त्याला लहानपणच्या एका खेळावरून सुचली. लगोरीच्या जवळचाच खेळ, दगडावरचा दगड नेम धरून पाडायचा.

पण १९३९ साली, मृत्यूच्या काही महिने आधी, नेस्मिथने रेडिओवर हीच गोष्ट वेगळी सांगितली. सुरुवातीला नियम पुरेसे नव्हते, पोरं एकमेकांना पाडू लागली, लाथा-बुक्क्या सुरू झाल्या. काहींचे डोळे काळेनिळे झाले, एकाचा खांदा निखळला, एक जण बेशुद्ध पडला. पोरं पुन्हा खेळू द्या म्हणून मागे लागली, तेव्हा त्याने आणखी नियम केले. त्यातला सर्वांत महत्त्वाचा, बॉल घेऊन पळायचं नाही.

पुस्तकात नियम डोक्यातून येतो, रेडिओवर तो निखळलेल्या खांद्यातून येतो. माझा विश्वास रेडिओवर आहे. आम्हीही डिझाइनचं डॉक्युमेंट बऱ्याचदा काम संपल्यावर लिहितो, आणि सगळं आधीच ठरलेलं असल्यासारखं लिहितो. शिवाय मजकुरातही खूण आहे. पाचवा नियम खांद्याने ढकलणं, धरणं, पाय घालून पाडणं, मारणं असं सगळं नाव घेऊन बंद करतो. मुद्दाम इजा केली तर खेळाडू पूर्ण सामन्यासाठी बाहेर, आणि बदली खेळाडूही नाही. एवढ्या तपशिलात माणूस तेव्हाच शिरतो, जेव्हा त्याने ते होताना पाहिलेलं असतं.

सुटलेल्या गोष्टीही बघा. संघात किती जण, हे तेरा नियमांत नाही. पाचाचा आकडा काही वर्षांनी पक्का झाला. ज्या ड्रिबलिंगशिवाय आज हा खेळ डोळ्यासमोर येत नाही, तेही नाही. पळायला बंदी, मग पोरांनी बॉल जमिनीवर आपटून स्वतःलाच पास द्यायला सुरुवात केली. नियमातली पळवाट खेळाचं सौंदर्य झाली, आणि ती ठेवण्याचं शहाणपण नियम करणाऱ्यांनी दाखवलं.

पुढचे बरेच बदलही असेच, काहीतरी बिघडल्यावर झाले. १९५० साली एनबीएत एक सामना १९-१८ असा संपला, कारण एक संघ बॉल धरूनच बसला. १९५४ साली २४ सेकंदांचं घड्याळ आलं. आकडा साध्या भागाकारातून आला : ४८ मिनिटं म्हणजे २,८८० सेकंद, आणि चांगल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण १२० शॉट. उंचपुरा जॉर्ज मायकन रिंगखालीच उभा राहू लागला, तेव्हा १९५१ साली तिथला पट्टा ६ फुटांवरून १२ फूट रुंद केला.

रिंगची उंची मात्र तेव्हापासून तीच, १० फूट. का १० फूट? स्प्रिंगफील्डच्या हॉलमधल्या गॅलरीचा कठडा तेवढ्या उंचीवर होता आणि टोपल्या ठोकायला तीच जागा सोयीची होती. ना कुणी पडलं होतं, ना कुणी हिशोब केला होता. एका इमारतीचं माप आज जगभराच्या कोर्टांवर पाळलं जातं. उंच माणसांसाठी जमिनीवरच्या रेषा हलल्या, कठडा कुणी हलवला नाही.

तिसऱ्या प्रकारचा नियम मला सगळ्यात खटकतो. १८९२ सालीच सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने स्मिथ कॉलेजात मुलींना हा खेळ शिकवला. पण तिने कोर्टाचे तीन भाग केले, आणि आपला भाग सोडून दुसऱ्या भागात जायला मुलींना मनाई केली. दुसरीच्या हातातला बॉल ओढायचा नाही, तीन सेकंदांपेक्षा जास्त धरायचा नाही. बाईच्या जातीला इतकं धावणं झेपणार नाही, ही त्या काळची भीती. बेरेन्सनची बाजूही समजते. ही वेसण घातली नसती तर मुलींना खेळूच दिलं नसतं. पण भीती संपली तरी नियम लगेच संपत नाही. आयोवा राज्यात शाळकरी मुली १९९३ पर्यंत अर्ध्या कोर्टाच्या रेषेआड अडकलेल्या होत्या. माझ्या कॉलेजात मुलींना कोर्ट मिळायचं ते संध्याकाळी अर्धा तास, मुलांचा सराव सुरू होईपर्यंत. कारण विचारलं की "नियम आहे." कुठे लिहिलाय, कुणाला काय झालं म्हणून लिहिलाय, हे कुणी सांगितलं नाही.

हा खेळ आपल्याकडे आणण्यात वायएमसीएचा मोठा वाटा. मुंबईत नागपाड्याच्या दाट वस्तीत तो असा रुजला की तिथून अब्बास मुन्तसिरसारखा भारताचा कर्णधार आणि अर्जुन पुरस्काराचा मानकरी घडला. बंद, उबदार हॉलसाठी जन्मलेला खेळ नागपाड्याने उघड्यावर, कष्टकऱ्यांच्या गल्ल्यांमध्ये आपला केला. घरकुलातल्या बोळाकडे बघताना मला ते आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पोरांनी विटेच्या तुकड्याने जमिनीवर रेघ ओढली होती. शेजारची आठवीतली मुलगी खेळायला आली होती, आणि तिने रेघेच्या मागूनच बॉल टाकायचा असं ठरलं होतं.

"हा नियम कशाला?" मी भाच्याला विचारलं. "कोण पडलं होतं?"

त्याने जरा विचार केला. "कुणीच नाही."

रेघ कुणी पुसली नाही. पण पुढचा पास त्याने तिच्याकडे टाकला, आणि ती रेघ ओलांडून बादलीकडे गेली, तेव्हा कुणी काही बोललं नाही.