‘लुटलेली तलवार घरी आली’ हे वाक्य वाचताना

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांच्या नावाची तलवार आली आणि महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. बातम्यांचा सूर एकच होता: लुटलेली तलवार घरी आली. ‘लुटलेली’ आणि ‘घरी’ हे दोन्ही शब्द मला तपासून पाहावेसे वाटतात.

आधी तलवारच वाचू. पात्यावर सोन्यात देवनागरी लेख आहे: रघोजींचं नाव, सेनासाहेबसुभा हा किताब आणि शेवटी ‘फिरंग’. हा शेवटचा शब्द आपण घाईत ओलांडतो. फिरंग म्हणजे युरोपीय बनावटीच्या पात्याची सरळ तलवार. पातं परदेशी, मूठ इथली, अक्षरं आपली. ते परकेपण लपवावं असं कोणाला वाटलं नाही. उलट सोन्यात लिहिलं.

आता ‘लुटलेली’. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटीत ती गेली असावी, असा तर्क मांडला गेला. तो पटण्यासारखा आहे. पण मथळ्यापर्यंत येताना ‘असावी’ गळून पडलं. कोडची एक ओळ कोणी, कधी बदलली हे आम्ही गिटमध्ये शोधत बसतो; दोनशे वर्षांच्या प्रवासाला मात्र एकच शेरा पुरतो.

२०२४ मध्ये साताऱ्यात आलेल्या वाघनखांचंही हेच. ग्रँट डफच्या घराण्याकडून ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे गेली. अफजलखान वधाचा दावा पेटीवरच्या मजकुरात आहे. ही तीच वाघनखं आहेत हे पडताळता येत नाही, असं संग्रहालयच सांगतं. रघुजींचं नाव धातूवर आहे, शिवरायांचं पेटीवर. पुराव्यातला हा फरक सांगितल्याने आदर कमी होत नाही.

आणि ‘घरी’? मी घाटंजीचा. आमच्या वऱ्हाडात निजाम आणि भोसले दोघांचा अंमल होता, वसुलीही दोघांची. १८०३ च्या देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडला. इथल्या कुणब्याच्या कानी सेनासाहेबसुभा हे आधी वसुलीचं नाव म्हणून पडलं असणार. तलवार आमचीच; पण ‘आमची’ म्हणताना तो सारा भरणाराही मोजायला हवा.

तिच्या फलकावर राजाचं नाव असेलच. त्याखाली पातं कुठलं, कोणतं वाक्य पुराव्याचं आणि कोणतं तर्काचं, आणि ती परत आणायला किती पैसे मोजले, एवढं तीन ओळींत लिहावं. मोबाइलवर फोटो काढणाऱ्याच्या फोटोत तेही येईल.