‘अस्तु’तील चन्नम्मा आणि शुश्रूषेचे शिक्षण

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटाला २०१३ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत दोन मान मिळाले. संवादलेखनाचा मान भावे यांना, आणि चन्नम्माच्या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचा मान अमृता सुभाष यांना. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित डॉ. चक्रपाणी शास्त्री यांची भूमिका मोहन आगाशे यांनी केली आहे. आगाशे हे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असल्यामुळे त्या अभिनयात रोगाचे प्रदर्शन कोठेही होत नाही, हे येथेच नमूद करून पुढे जाणे इष्ट. प्रस्तुत विवेचनाचा विषय शास्त्री नसून चन्नम्मा आहे.

कथानक सर्वपरिचित आहे. मुलीबरोबर, म्हणजे इराबरोबर, बाहेर पडलेले शास्त्री रस्त्यावर हत्ती पाहतात आणि त्याच्या मागोमाग निघून जातात. शोध सुरू होतो. दरम्यान माहुताच्या कुटुंबात त्यांना आश्रय मिळतो. माहुताच्या बायकोत, चन्नम्मात, त्यांना आपली आई दिसते, आणि ती त्यांना सांभाळते. कानडी वळणाची मराठी बोलणारी ही गरीब बाई जे सहजतेने करते ते सुशिक्षित, पितृभक्त इरेला जमत नाही, असा विरोध चित्रपट उभा करतो. त्यावरून प्रेक्षक जो निष्कर्ष घेऊन बाहेर पडतो तो असा की, स्मृतिभ्रष्ट वृद्धाच्या सेवेला माया लागते. शिक्षण लागत नाही. हा निष्कर्ष लोभस आहे, आणि तो चुकीचा आहे.

चन्नम्मा नेमके काय करते ते पाहावे. म्हातारा कोण, कोठला, हे त्याला सांगता येत नाही म्हणून ती त्याला जाब विचारत नाही. त्याची चूक दुरुस्त करण्याची तिला निकड वाटत नाही. त्याने लावलेले नाते ती नाकारत नाही. त्याच्या गतीने ती चालते. या गोष्टींना ‘माया’ असे एकच नाव देऊन थांबणे म्हणजे वैद्याच्या नाडीपरीक्षेला ‘हातगुण’ म्हणून मोकळे होण्यासारखे आहे. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथील टॉम किटवुड यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डिमेन्शिया रिकन्सिडर्ड’ या ग्रंथात सेवकांच्या हातून नकळत घडणाऱ्या दुखापतींची एक लांब यादी आहे. रुग्णाला झेपणार नाही इतक्या वेगाने बोलणे व वागणे, त्याच्या अनुभवाला खोटे ठरवणे, त्याला फसवणे, त्याच्यादेखत तो नसल्यासारखे बोलणे अशा त्या दुखापती आहेत. चन्नम्मा यांतील बहुतेक टाळते. म्हणजेच तिच्या वागण्याचे पृथक्करण करता येते; आणि ज्याचे पृथक्करण करता येते ते बऱ्याच अंशी शिकवताही येते.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षणीय नाही. किटवुड यांच्या त्याच यादीत प्रौढाला बाळ बनवणे हाही दोष सांगितला आहे. मग विद्वान वृद्धाची आई होणारी चन्नम्मा त्या दोषास पात्र ठरत नाही काय? उत्तर नात्याच्या दिशेत आहे. शास्त्री तिला आई करतात. ती त्यांना बाळ करत नाही. शहरातील पगारी परिचारिका प्रत्येक वृद्धेला सरसकट ‘आजी’ म्हणून हाक मारते आणि लाडिक आवाजात घास भरवते, तेव्हा नाते वरून लादलेले असते, आणि ते न स्वीकारण्याची मुभा वृद्धेला नसते. हा भेद सूक्ष्म आहे. तो केवळ अंतःकरणाच्या चांगुलपणाने कळेल अशी खात्री देता येत नाही. चांगल्या अंतःकरणाच्या माणसांकडूनच हा दोष अधिक घडतो.

चित्रपटाची खरी मर्यादा अन्यत्र आहे. चन्नम्माच्या वाट्याला शास्त्री येतात ते अल्प काळ, आणि अपरिचित म्हणून. त्यांचे पूर्वीचे पांडित्य तिने पाहिलेले नसल्यामुळे आज काय हरपले याची तुलना तिला करावी लागत नाही. इरा मात्र दर दिवशी ती तुलना करत जगते, आणि हे वर्षानुवर्षे. दोघींना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे आहे. रात्रीची जागरणे, ओली अंथरुणे, शंभरदा विचारलेला तोच प्रश्न यांचा हिशेब महिन्यांच्या मापाने मांडला म्हणजे चन्नम्माचीही सहजता टिकली असती काय, हा प्रश्न चित्रपट स्वतःला विचारत नाही. प्रशिक्षणाचा आरंभ खरे पाहता तेथूनच होतो.

या प्रश्नाचे गांभीर्य लहान नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लक्ष, इतके आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत ते अधिक आढळले. खानदेशच्या दृष्टीने शेवटचे दोन तपशील विशेष महत्त्वाचे ठरतात.

तलावासाठी आणि बोरांसाठी प्रसिद्ध असलेले मेहरूण आता जळगाव शहराचाच भाग झाले आहे. तेथील एका घराची कल्पना करावी. दिवेलागणीच्या सुमारास ऐंशी वर्षांची शेतकरी बाई उठून दाराशी येते. गुरे परतली असतील, घरी गेले पाहिजे, म्हणते. ती घरातच असते, आणि गुरे विकून कित्येक वर्षे झालेली असतात. सून म्हणते, “अहो, हेच तर घर.” बाई संतापते. प्रशिक्षित सेविकेने येथे गुरांविषयी विचारावे, बाईबरोबर चार पावले चालावे, आणि बोलता बोलता तिला माघारी आणावे, असे पाठ्यपुस्तक सांगते. तथापि हे बोलणे कोणत्या भाषेत व्हावयाचे? बाई लेवा गणबोलीत बोलत असेल, धुळ्याकडची असेल तर अहिराणीत. उतारवयात शिकलेली प्रमाण भाषा आधी सुटते आणि बालपणीची बोली मागे राहते, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो. महिना कोणता असे विचारल्यावर ‘आखाजी झाली’ असे उत्तर मिळाले तर ते चूक म्हणून नोंदवावयाचे, की अक्षय्यतृतीया होऊन गेल्याचे तिला अचूक भान आहे असे समजावयाचे? ज्या सेविकेला आखाजी ठाऊक नाही तिला हा प्रश्नच पडणार नाही.

परीक्षांच्या इतिहासातही हीच अडचण दिसते. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेल्या आणि जगभर वापरल्या गेलेल्या लघुपरीक्षेत एक आज्ञा वाचून पाळावी लागते आणि एक वाक्य लिहावे लागते. हरियाणातील बल्लभगढ परिसरात निरक्षर वृद्धांसाठी तिचे हिंदी रूप सिद्ध झाले (१९९५), तेव्हा वाचनाच्या जागी परीक्षकाकडे पाहून डोळे मिटण्याची कृती आली आणि लेखनाच्या जागी आपल्या घराविषयी काही सांगणे आले. या बदलाचे मोल खानदेशाला निराळे सांगावयास नको. असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी टिपून घेतली म्हणून १९५२ साली ती ग्रंथरूपाने आली. मूळ लघुपरीक्षेतील वाचन-लेखनाच्या गुणांना त्या ऐन उमेदीतही मुकल्या असत्या.

ज्येष्ठांच्या शुश्रूषेचे अभ्यासक्रम आपल्याकडे नाहीत असे नाही. केंद्र शासनाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय समाज रक्षा संस्थान असे अभ्यासक्रम चालवते. पण रुग्णाला कुशीवर कसे वळवावे, औषधे केव्हा द्यावीत, हे जितक्या काटेकोरपणे सांगता येते तितक्या काटेकोरपणे संवाद शिकवता येत नाही. म्हणून तो ‘प्रेमाने बोलावे’ अशा एका ओळीत आटोपण्याचा मोह कोणत्याही पाठ्यपुस्तकाला होतो. ही ओळ आणि ‘अस्तु’वरून काढला जाणारा लोभस निष्कर्ष एकाच कुळातले आहेत. दोहोंचा व्यावहारिक परिणामही एकच होतो. जे केवळ प्रेम आहे त्याला वेतन कशाला, असे म्हणण्याची सोय होते, आणि घरातल्या सुनेला तर विश्रांतीही मागता येत नाही.

चन्नम्माच्या प्रसंगांचा वर्गात उपयोग करावयाचा झाल्यास ते प्रथम आवाज बंद करून दाखवावेत. संवाद गेले म्हणजे तिचे हात, तिने राखलेले अंतर, तिचे थांबणे हे उघडे पडते. त्यानंतर विद्यार्थिनींनी जे पाहिले ते आपापल्या बोलीत सांगावे, आणि त्या शब्दांची नोंद वर्गातील फळ्यावर व्हावी.