‘एन्व्हायरन’ : वेढ्यातला माणूस

‘एन्व्हायरनमेंट’ हा शब्द आज इतका रुळला आहे, की त्याच्या पोटातले ‘एन्व्हायरन’ हे जुने क्रियापद इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकालाही सहसा आठवत नाही. नाम व्यवहारात उरले. क्रियापद ग्रंथांपुरते राहिले. ‘सर्व बाजूंनी वेढणे’ हा त्याचा मूळ अर्थ. तो निसटला, तर माणूस आणि भोवतालचे जग यांच्या नात्याचे एक जुने भानच हरपते.

जुन्या फ्रेंचमध्ये ‘व्हिरों’ म्हणजे वर्तुळ, फेरा. त्यामागे वळण्याचा अर्थ असलेले ‘व्हिरे’ हे क्रियापद आहे. दिशा बदलणे या अर्थाचा इंग्रजी ‘व्हीअर’ हा शब्दही याच कुळातला. चौदाव्या शतकात इंग्रजीत आलेल्या ‘एन्व्हायरन’मध्ये तटबंदीचे संरक्षण जसे सामावले, तशीच शत्रूच्या वेढ्याची भीतीही सामावली.

शेक्सपिअरने यातील भयाची छटा नेमकी हेरली. ‘टायटस अँड्रॉनिकस’ या 1594 मध्ये छापल्या गेलेल्या नाटकात पुत्रशोकाने खचलेला टायटस स्वतःला समुद्रातील खडकावर उभ्या असलेल्या माणसाच्या जागी पाहतो. लाट चढते आहे आणि ती गिळणार, एवढेच त्याला ठाऊक आहे. ‘रिचर्ड द थर्ड’मध्ये क्लॅरन्सच्या स्वप्नात पिशाच्चे त्याच्याभोवती कडे करतात. दोन्ही ठिकाणी योजलेले क्रियापद एकच आहे. मधोमध माणूस आहे. परंतु सत्ता त्याची नाही.

1828 मध्ये गटेविषयी लिहिताना कार्लाइलने ‘उमगेबुंग’ या जर्मन शब्दासाठी ‘एन्व्हायरनमेंट’ योजला. पुढे हर्बर्ट स्पेन्सरच्या 1855 च्या मानसशास्त्रविषयक ग्रंथात त्याला शास्त्रीय परिभाषेचे स्थान मिळाले. या प्रवासात वेढणारा कर्ता लोपला आणि भोवतालची परिस्थिती तेवढी उरली. क्रियेचे नाम झाले, की तिच्यातला ताण बहुधा ओसरतो.

फ्रेंच तत्त्वचिंतक मिशेल सेर यांनी 1990 मध्ये या शब्दावरच आक्षेप घेतला. तो माणसाला निसर्गाच्या केंद्रस्थानी बसवतो, म्हणून तो विसरावा, असे त्यांचे म्हणणे. आधुनिक नामापुरता हा आक्षेप रास्त आहे. जुन्या क्रियापदाची साक्ष मात्र वेगळी आहे. तेथे केंद्र हे सिंहासन नसून वेढ्यात सापडलेली जागा आहे. म्हणूनच शब्द टाकून देण्यापेक्षा त्याचा पूर्वार्थ जागा करणे अधिक उपकारक ठरेल.

या संदर्भात मराठी अनुवादकाची स्थिती अनुकूल आहे. ‘पर्यावरण’ हा संस्कृतनिष्ठ शब्द ‘परि’ आणि ‘आवरण’ यांतून घडला. त्यात आच्छादनाची शांतता आहे, संकट नाही. संस्कृत ‘वेष्ट्’ धातूपासून प्राकृतातून आलेले ‘वेढणे’ मात्र दोन्ही अर्थ पेलते. पन्हाळ्याला 1660 मध्ये सिद्दी जौहरने घातला तोही वेढा, आणि बोटातले सोन्याचे वळे तेही वेढेच. टायटसचा समुद्र मराठीत आणायचा, तर ‘पर्यावरण’ तेथे लुळे पडेल. ‘वेढणे’ त्या खडकापर्यंत पोचेल. शब्दाची व्युत्पत्ती पाहणे हे पांडित्याचे प्रदर्शन नव्हे, तो अचूक वाचनाचाच भाग आहे, हे अशा वेळी पटते.