'ओसाड' हा शेरा कोणी मारला?

पावसाळ्यात वेताळ टेकडीवर गेलात तर सगळं हिरवंगार दिसतं. फोटोही छान येतात. पण त्या हिरव्यात गिरिपुष्प भरपूर आहे. हे मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड वनीकरणात इथे आलं. त्याआधी टेकडीवर काय होतं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "काही नव्हतं, नुसता माळ होता."

या 'काही नव्हतं'ची उलटतपासणी करणारा एक शोधनिबंध २०२५ मध्ये 'पीपल अँड नेचर' या नियतकालिकात आला. लेखक आहेत आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील. त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातली जुनी मराठी कथनं, संतचरित्रं आणि लोकगीतं वाचली, तीही त्यांतल्या वनस्पतींसाठी. त्यांना ४४ रानटी जातींचे उल्लेख सापडले. त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश जाती उघड्या, गवताळ प्रदेशातल्या आहेत आणि घनदाट जंगलाची खूण ठरणाऱ्या अगदी थोड्या. निष्कर्ष असा, की आपले माळ म्हणजे तुटून गेलेलं जंगल नव्हे. ते निदान साडेसातशे वर्षं माळच आहेत.

साहित्याच्या वाचकाला हा निबंध थोडा खजील करतो. पंढरपूरच्या देवळातली तरटी आपल्याला कान्होपात्रेच्या कथेतून माहीत असते. त्या कथेत आपण भक्ती वाचली, स्त्रीची कोंडी वाचली, सत्ता वाचली. तरटी हे कोणतं झुडूप, ते कुठल्या जमिनीत वाढतं, हे मात्र विचारलं नाही. ते काटेरी आहे आणि कोरड्या, उघड्या रानातलं आहे. म्हणजे कथेत जागेचा पुरावा होता आणि आपण तो सजावट समजून ओलांडून गेलो.

तरीही या पद्धतीच्या मर्यादा बघायला हव्यात. पोथी जात सांगते, प्रमाण सांगत नाही. माळाची तब्येत तर प्रमाणातच कळते. अभ्यासक एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखतात आणि दरवर्षी त्याच जागी, त्याच ऋतूत मोजतात: कोणती गवतं, किती जागेवर, उघडी माती किती, बाहेरून घुसलेलं काय. पवन्या, मारवेल कमी होऊन कुसळी वाढली की चराई सोसवेनाशी झालीय असं समजायचं. गाजर गवत दिसलं तर गोष्ट आणखी पुढे गेलीय. (भारतात त्याची पहिली नोंद १९५० च्या दशकात झाली, ती पुण्यातच.) अशी हजेरी कुठल्याच ओवीत मिळणार नाही.

दुसरी अडचण स्मरणाची आहे. संत ज्या झाडाखाली बसला ते झाड चरित्रात येतं. त्याच्या पायाखालचं गवत येत नाही. गवताची नावं ज्यांना ठाऊक होती ते मेंढपाळ आणि भारे कापणाऱ्या बाया पोथ्या लिहीत नव्हत्या. म्हणून माळाच्या वाङ्मयातही झाडंझुडपंच जास्त बोलतात. हा पूर्वग्रह नेमका आजच्या वृक्षारोपणाचाही आहे.

मला सगळ्यात जास्त अडवलं ते एका शब्दाने. सोळाव्या शतकातल्या 'आदि पर्व'मध्ये नीरा खोऱ्याचं चित्र रिकामं आणि काटेरी आहे. सन २००० पासून निघत आलेल्या 'वेस्टलँड अॅटलस ऑफ इंडिया'तही झुडपी, उघडी जमीन 'पडीक' या सदरात जाते. वरवर पाहता दोन्हींचा शेरा एकच वाटतो. पण माझ्या वाचनात जुन्या मजकुरातलं 'रिकामं' म्हणजे अजून कोणी वस्ती न केलेलं. अॅटलसमधलं 'पडीक' म्हणजे हिशेबात न बसणारं. पहिलं वर्णन आहे, दुसरा निकाल आहे. आणि निकाल लागला की जमिनीवर काहीही करता येतं: खड्डे खणून रोपं लावा, सौर पॅनेल टाका, प्लॉट पाडा. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्याला चिंकारांमुळे संरक्षण मिळालं, पण ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे. बाकीच्या माळांचं भवितव्य अशा एका विशेषणावर लटकलेलं असतं.

म्हणून या निबंधाचं मोल मला दुहेरी वाटतं. तो मोजणीची जागा घेत नाही, पण मोजायला सुरुवात कुठून करायची ते सांगतो. 'पूर्वीसारखं करा' म्हणणाऱ्याला पूर्वी काय होतं हे माहीत असायला हवं. ते नसेल तर चांगल्या हेतूने लावलेलं प्रत्येक झाड एका जिवंत माळाच्या छाताडावर उभं राहतं.

पुढच्या वेळी टेकडीवर गेलात की फोटो काढण्याआधी पायाखालच्या पाच गवतांची नावं आठवून बघा. मला तीनच आली, आणि त्यांतलं एक चुकलं.