पुतळा आणि माणूस : डॉ. श्रीराम लागू यांच्या मागे पन्नास वर्षे

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन श्रोत्यांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना आता सिनेनट कुठून आठवला? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की आयुष्यभर आम्ही प्लेटो शिकवला, पण 'भक्ती' आणि 'विचार' यांतला फरक आम्हांला ज्या माणसामुळे स्वतःच्या अंगावर घेऊन कळला, तो माणूस नट होता. डॉ. श्रीराम लागू. तेव्हा आज जी परीक्षा करायची आहे ती त्यांच्या कामाची आहेच, पण त्याहून जास्त आमच्यासारख्या चाहत्यांची आहे.

सुरुवात 'पिंजरा'पासून करू. साल १९७२. आम्ही तेव्हा एम.ए.ला होतो. 'नटसम्राट' १९७० सालीच रंगभूमीवर आलं होतं, पण आमच्या खिशाला आधी सिनेमाच परवडला. शांतारामबापूंचा हा चित्रपट 'द ब्लू एंजल' या १९३० सालच्या जर्मन चित्रपटावरून सुचलेला. लोक तो संध्याबाईंच्या लावण्यांसाठी पाहत होते. खोटं कशाला बोला, आम्हीही त्यासाठीच गेलो होतो. बाहेर पडलो ते मात्र गुरुजींना डोक्यात घेऊन.

कथा आठवा. गावाला शिस्त लावणारे गुरुजी तमाशातल्या बाईच्या मोहात पडतात. पुढे दुसऱ्याच एका माणसाचं प्रेत गुरुजींचं म्हणून गावाला मिळतं. गाव रडतं आणि गुरुजींचा पुतळा उभारतं. खरे गुरुजी इकडे फडाबरोबर पडेल ते काम करत फिरताहेत. शेवटी त्याच गावात त्यांना पकडतात, ते गुरुजींच्या खुनाबद्दल! स्वतःच्याच खुनाचा आरोप. ते खरं सांगून सुटू शकतात. पण मग पुतळा पडेल, गावाची श्रद्धा पडेल. म्हणून ते गप्प राहतात आणि शिक्षा पत्करतात.

त्या वयात आम्हांला हा त्याग वाटला होता. डोळे पुसतच बाहेर आलो. पुढे नीतिशास्त्र शिकवायला लागल्यावर मात्र शंका येऊ लागली. ज्या गावाची नीती एका पुतळ्यावर उभी आहे, आणि तो पुतळा एका खोट्यावर उभा आहे, त्या गावाला गुरुजींनी नेमकं काय दिलं? खरं कळलं असतं तर गाव कोसळलं असतं, की थोडं शहाणं झालं असतं? चित्रपट हा प्रश्न विचारत नाही, तो पुतळ्याच्या बाजूने उभा राहतो. ही त्याची मर्यादा आहे, असं आमचं आजचं मत आहे. पण लागूंचा चेहरा बघा. ज्या दृश्यांत गुरुजी गप्प आहेत, तिथे त्या चेहऱ्यावर त्यागाचं समाधान फारसं दिसत नाही, थकवा दिसतो. पटकथेने न विचारलेला प्रश्न नटाने चेहऱ्यावर ठेवून दिला आहे. चांगला नट लेखकाच्या पुढे जातो म्हणतात, ते असं.

तिथपासून आम्ही त्यांच्या मागे लागलो. 'सामना' पाहिला तो त्याच दशकात. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. इथेही लागू मास्तरच आहेत, पण दारूत बुडालेले, गांधींच्या काळाची आठवण अंगावर फाटक्या कोटासारखी वागवणारे. समोर निळूभाऊंचे हिंदुराव धोंडेपाटील. हिंदुराव मास्तरला घरात ठेवून घेतो, खाऊ-पिऊ घालतो, आणि मास्तर त्याच घरात बसून विचारत राहतो, की मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढे काय झालं? 'पिंजरा'तला मास्तर सत्य दाबून पुतळा राखतो. 'सामना'तला मास्तर आधीच बदनाम आहे, त्याला राखायला पुतळाच नाही, म्हणून तो विचारू शकतो. ही दोन कामं शेजारी ठेवून बघा, असं आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असू.

आणि तिसरं 'घरौंदा', १९७७. मुंबईत घर मिळत नाही म्हणून नायक आपल्या प्रेयसीला सुचवतो, की तू या श्रीमंत, आजारी मोदीशी लग्न कर, तो काही फार दिवसांचा सोबती नाही. दुसऱ्या एखाद्या नटाने मोदीचा खलनायक तरी केला असता, नाहीतर केविलवाणा म्हातारा तरी. लागूंनी त्याला सभ्य केला, आणि तो सभ्य आहे म्हणूनच त्या तरुणांचा बेत किळसवाणा वाटायला लागतो. या कामाला फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं, ते योग्यच होतं.

बाकी हिंदीत त्यांनी ढिगाने कामं केली. न्यायाधीश, डॉक्टर, नायिकेचे वडील. त्यातली बरीचशी कामं सामान्य आहेत, आणि हे म्हणायला आम्हांला पुष्कळ वर्षं लागली. तीन तासांच्या मारामारीत त्यांची चार दृश्यं यायची, त्या चार दृश्यांसाठी आम्ही तिकीट काढायचो आणि घरी येताना एकमेकांना पटवायचो, की बाकी काही असो, डॉक्टर ग्रेट होते हं! नव्हते, मित्रहो. काही ठिकाणी ते नुसते वेळेवर हजर होते. पण चाहत्याला हे दिसत नाही. चाहता पाहतो ते आधी ठरवून पाहतो.

आता मुद्द्याकडे येतो. लागू हे पेशाने कान-नाक-घशाचे शल्यविशारद. १९६९ साली व्यवसाय सोडून ते पूर्णवेळ नट झाले. पुढे त्यांनी जाहीरपणे मांडायला सुरुवात केली, की परमेश्वर ही कल्पना आता कालबाह्य झाली आहे, देवाला रिटायर करा. त्यावरून महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं ते तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. नरेंद्र दाभोलकरांबरोबर त्यांचे वाद-संवादाचे कार्यक्रम गावोगाव होत. आम्ही अशा एका कार्यक्रमाला बसलो होतो. शेजारी एक आजोबा होते, कपाळाला बुक्का. लागू बोलत असताना ते हळूच आम्हांला म्हणाले, "ह्यांनीच आम्हांला 'नटसम्राट'मध्ये रडवलं हो. आता हेच असं बोलतात, मग ते रडणं खोटं होतं का?"

आम्ही तेव्हा मनातल्या मनात त्या आजोबांना हसलो. त्यांनी नट आणि माणूस यांची गल्लत केली, असं आम्हांला वाटलं. घरी आलो आणि सवयीप्रमाणे भाषणातले युक्तिवाद वहीत मांडायला बसलो. अर्धं पान भरलं आणि पेन थांबलं. सभागृहात जे बिनतोड वाटलं होतं, ते कागदावर तसं राहिलंच नव्हतं. एखादी कल्पना कालबाह्य झाली म्हणजे ती खोटी ठरते का? नाही. उपयोग संपणं वेगळं आणि असत्य असणं वेगळं. 'रिटायर करा' म्हणताना तर देव कधीतरी कामावर होता हेही मान्य करून टाकलं जातं! देवाच्या नावाने माणसांवर अन्याय होतो, हा लागूंचा मुद्दा खरा आणि जळजळीत आहे, पण तो देव मानणाऱ्यांच्या वागण्याविरुद्धचा पुरावा आहे. देव नसण्याचा नाही. आमच्या चार्वाकांनी याहून कडक मांडणी करून ठेवली आहे.

लक्षात घ्या, निष्कर्ष आम्हांला मान्यच होता, आजही आहे. पण सभागृहात आमची मान डोलली ती कशामुळे? त्या आवाजामुळे, आणि वाक्याच्या मध्ये ते जे थांबत त्यामुळे. म्हणजे गल्लत आजोबांनी केली तशीच आम्हीही केली होती. फरक एवढाच, की आजोबांना आपली गल्लत दुखत होती, आणि आम्हांला आमची सुखावत होती. आजोबांच्या प्रश्नात प्रामाणिकपणा तरी होता.

आणखी एक कबुली देतो. वर्गात आम्हीही तसंच थांबायला लागलो होतो. 'काण्ट म्हणतो...' आणि मग तो लागूछाप विराम. मुलं त्या विरामाला दाद द्यायची. एकदा एका मुलीने तास संपल्यावर विचारलं, "सर, थांबण्याच्या आधीचं वाक्य आणि नंतरचं वाक्य यांचा संबंध काय?" संबंध नव्हता! त्या दिवसापासून आम्ही शहाणे झालो, असं म्हणवत नाही, पण सावध झालो.

प्लेटोच्या 'आयॉन' या संवादात सॉक्रेटिस होमरचं काव्य रंगवून सांगणाऱ्या आयॉनला छेडतो. होमरमध्ये युद्ध आहे, तू ते उत्तम सांगतोस, मग तू सेनापती आहेस का? आणि आयॉन चक्क हो म्हणतो. आपण आयॉनला हसतो. लागू आयॉन नव्हते. नट आहे म्हणून मला देवाबद्दल जास्त कळतं, असा त्यांचा दावा नव्हता. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'लमाण' आहे, म्हणजे माल वाहून नेणारा. दावा आम्ही करत होतो, त्यांच्या वतीने. आयॉन स्टेजवर नव्हताच, तो प्रेक्षकांत बसला होता.

आणि म्हणून त्या वाद-संवादाची रचना आज फार मोलाची वाटते. लागू म्हणत, देव नाही. दाभोलकर त्याच मंचावरून सांगत, की आमच्या चळवळीचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे. इतका लोकप्रिय नट शेजारी बसलेल्या मित्राकडून स्वतःचं म्हणणं लोकांसमोर खोडू देतो, हे आम्ही दुसरीकडे फारसं पाहिलेलं नाही. एकट्या आवाजापुढे माणसं झुकतात. दोन आवाज असले की निवड करावी लागते. 'पिंजरा'तल्या गुरुजींनी मौन पाळून पुतळा वाचवला. लागूंनी बोलून स्वतःचा पुतळा अर्धा तरी फोडला. बुक्का लावणारे कितीतरी चाहते त्यांनी दुखावले, आणि आमच्यासारख्यांना नवा पुतळा उभारू दिला नाही. तो आम्ही तरीही उभारला, तो दोष आमचा.

१९९९ साली 'सूर्य पाहिलेला माणूस' आलं. मकरंद साठे यांचं नाटक, अतुल पेठे यांचं दिग्दर्शन, आणि सत्तरी ओलांडलेले लागू सॉक्रेटिसच्या भूमिकेत. आम्हांला वर्गातला सॉक्रेटिस समोर चालताना दिसला, आणि एक विसंगतीही दिसली. न्यायालयातल्या भाषणाच्या सुरुवातीलाच सॉक्रेटिस बजावतो, की मी वक्ता नाही, साध्या शब्दांत बोलेन, शब्दांकडे नको, त्यातल्या सत्याकडे बघा. आणि हे मराठीतला सर्वांत भारदस्त आवाज सांगणार! या पेचातून सुटका नाही. नटाने आवाज टाकून द्यावा कुठे? ते काम श्रोत्याचं आहे.

१७ डिसेंबर २०१९ ला डॉक्टर गेले. दाभोलकरांचा त्याआधी २०१३ साली पुण्यात खून झाला होता. म्हणजे त्या मंचावरचे दोन्ही आवाज आता फक्त ध्वनिमुद्रणात उरले आहेत. ते जरूर ऐका. एक विनंती मात्र आहे. ऐकून झाल्यावर युक्तिवाद कागदावर उतरवा आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या, साध्या, घरगुती आवाजात मोठ्याने वाचा. तरीही पटला तर तो तुमचा. नाही पटला, तरी त्या माणसावरचं प्रेम कमी करायचं कारण नाही. आमचं झालेलं नाही.

त्या आजोबांना तेव्हा आम्ही उत्तर दिलं नव्हतं. आज देतो. आजोबा, तुमचं रडणं खोटं नव्हतं, ते तुमचं होतं. डॉक्टरांनी ते फक्त तुमच्यापर्यंत आणून पोचवलं. देवाबद्दल काय मानायचं हेही तसंच तुमचं आहे, ते त्यांच्याकडून उसनं घेऊ नका, आणि त्यांच्यावरच्या रागापोटी घट्ट धरूनही ठेवू नका.

असो. वेळ झाली. आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि हे जे काही बोललो, तेही कागदावर उतरवून बघा.